हाड उघडे पडलेली जखम: ग्राफ्ट की फ्लॅप?

पाऊलवाट

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या पायाला चार दिवसांपूर्वी अपघातात मोठी जखम झाली. नडगीचे हाड मोडले, ते बाहेरून सळयांची चौकट लावून स्थिर केले आहे. जखम दोनदा भूल देऊन स्वच्छ केली, पण घोट्याच्या वर तळहाताएवढी कातडी गेली आहे आणि तिच्या मधोमध दोन बोटे रुंद हाड उघडे दिसते. आज ड्रेसिंग बदलताना मी ते पाहिले. आजूबाजूचे मांस लाल आणि ओलसर होते, हाड मात्र पांढरट आणि कोरडे होते.

आम्हाला दोन मते मिळाली आहेत. एका डॉक्टरांच्या मते यंत्राने द्रव ओढून घेणारे व्हॅक ड्रेसिंग काही आठवडे लावावे आणि जखम भरत आली की मांडीची पातळ कातडी काढून त्यावर बसवावी, म्हणजे ग्राफ्ट करावा. दुसऱ्यांच्या मते मांडीवरचा कातडी आणि चरबीचा जाड तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलून मायक्रोस्कोपखाली पायाच्या रक्तवाहिन्यांना जोडावा, म्हणजे फ्लॅप करावा, आणि तेही याच आठवड्यात. ही शस्त्रक्रिया सात-आठ तास चालेल असे त्यांनी सांगितले. घरात सगळ्यांचे म्हणणे असे की आधी लहान शस्त्रक्रिया करून पाहावी, ती फसली तर मोठी आहेच. हा विचार बरोबर आहे का? ज्यांनी यातले काही अनुभवले आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी कृपया लिहावे. भाऊ तिशीतला आहे, मधुमेह नाही.

निरभ्र

भावाला लवकर बरे वाटो. भाजल्यानंतर माझ्या हातावर ग्राफ्ट केला होता. हाताचे सगळे विचारतात, पण मला जास्त त्रास झाला तो मांडीचा. तिथली कातडी तासून काढलेली असते, त्यामुळे खरचटल्यासारखी झोंबते. दोन आठवड्यांनी तिथले ड्रेसिंग कडेने आपोआप सुटू लागले आणि खाली गुलाबी, कोवळी कातडी आलेली होती. ते ड्रेसिंग मध्येच ओढून काढू नका, एवढेच आवर्जून सांगते.

शल्यलेखनी

पाऊलवाट, मी प्लास्टिक सर्जन आहे. भावाला तपासल्याशिवाय त्याच्यासाठी निर्णय देणे योग्य होणार नाही, परंतु दोन मतांमध्ये अंतर का पडले ते सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढचे प्रश्न विचारता येतील.

ग्राफ्ट म्हणजे मूळ जागेपासून पूर्णपणे तोडलेली कातडी. नव्या जागी ठेवली त्या क्षणी तिच्यात रक्त खेळत नसते. पहिले एक-दोन दिवस ती खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरते. मग तिच्यातल्या केशवाहिन्यांची तोंडे जखमेतल्या केशवाहिन्यांना मिळू लागतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत तिच्यात रक्त फिरू लागते. म्हणूनच पहिले ड्रेसिंग बहुधा पाचव्या दिवशी उघडतात. या काळात खाली रक्त साचले, जंतुसंसर्ग झाला किंवा कातडी जागची सरकली, तर ती मरते. पातळ ग्राफ्ट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा असतो. चिमट्याने उचलून दिव्यासमोर धरला तर पलीकडचा चिमटा अस्पष्ट दिसतो. इतक्या नाजूक वस्तूला खालून पोसणारी जमीन नसेल तर ती जगणार कशी?

ती जमीन म्हणजे स्नायू, जखमेत भरून आलेले लाल दाणेदार मांस, किंवा हाडावरचे पातळ आवरण शाबूत असेल तर तेदेखील. आवरण निघून गेलेले हाड आणि आवरण निघून गेलेला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, यांवर ग्राफ्ट धरत नाही. तुम्ही ‘पांढरट आणि कोरडे’ असे लिहिले आहे, त्यामुळे हाडावरचे आवरण गेले असावे अशी मला शंका येते.

फ्लॅपचे तसे नाही. फ्लॅप आपली धमनी आणि शीर बरोबर घेऊन येतो, त्यामुळे त्याला खालच्या जागेकडून काही मागावे लागत नाही. उलट तोच त्या जागेला रक्त पुरवतो. मोडलेले हाड जुळण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. गुडघ्याखालच्या वरच्या भागात पोटरीचा मोठा स्नायू फिरवून आणता येतो, मधल्या भागात त्याच्या खालचा सोलियस आणता येतो. घोट्याजवळ मात्र स्नायू संपून टेंडनच उरतात, त्यामुळे तळहाताएवढ्या जखमेवर फिरवून आणण्यासारखे जवळपास फारसे काही नसते. दुसऱ्या डॉक्टरांनी मांडीचा फ्लॅप सुचवला तो याच कारणाने असावा.

सरळवाट

शल्यलेखनी यांच्याबद्दल आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या वडिलांच्या नडगीचेही हाड उघडे पडले होते. सहा आठवडे व्हॅक ड्रेसिंग लावले, दर दोन-तीन दिवसांनी बदलले, हळूहळू कडेचे मांस हाडावर सरकत आले आणि मग साधा ग्राफ्ट केला. तो धरला. सत्तरीतल्या माणसाला आठ तासांची भूल द्यावी लागली नाही. सोप्या पायरीपासून सुरुवात करावी आणि गरज पडली तरच वर चढावे, हे तत्त्व डॉक्टर स्वतःच शिकवतात ना? मग इथे थेट शेवटच्या पायरीचा सल्ला का?

शल्यलेखनी

सरळवाट, तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो निर्णय योग्यच असावा. उघडा पट्टा अरुंद असेल, खालचे हाड मोडलेले नसेल आणि रुग्णाला लांबलचक भूल झेपणार नसेल, तर मीही तोच मार्ग धरेन. हाडाच्या बाहेरच्या थराला बारीक छिद्रे पाडून आतून मांस भरून येऊ देणे, किंवा कृत्रिम त्वचेचा थर आधी बसवून त्यावर नंतर ग्राफ्ट करणे, हेही मार्ग आहेत.

पायऱ्यांचे तत्त्व आम्ही जरूर शिकतो: जखम आपोआप भरू द्यावी, नाही तर टाके घालावेत, नाही तर ग्राफ्ट, मग शेजारचा फ्लॅप, आणि शेवटी दूरचा. पण १९९४ मध्ये गॉटलीब आणि क्रीगर यांनी शिडीऐवजी लिफ्टची उपमा मांडली. ज्या मजल्यावर काम आहे तिथे थेट जावे, वाटेतल्या प्रत्येक मजल्यावर थांबून अपयश पदरी घ्यायची गरज नाही, असा तिचा अर्थ. ‘आधी लहान करून पाहू’ यात एक किंमत दडलेली असते आणि ती मोडलेल्या हाडाच्या बाबतीत फार मोठी ठरू शकते. उघडे हाड सुकते, सुकलेल्या हाडात जंतू घर करतात, आणि एकदा हाडात जंतू शिरले की ते काढणे अतिशय जिकिरीचे होते. वाट पाहण्याच्या काळात भोवतालच्या रक्तवाहिन्याही दाट होत जाणाऱ्या व्रणात गुरफटतात, मग नंतर फ्लॅप जोडणे अधिक अवघड होते.

मार्को गोदिना या स्लोव्हेनियातल्या सर्जनने ५३२ रुग्णांचा अनुभव १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या ७२ तासांत फ्लॅपने झाकलेल्या पायांमध्ये फ्लॅप फसण्याचे आणि जंतुसंसर्गाचे प्रमाण सर्वांत कमी होते. पाऊलवाट, हे वाचून घाबरू नका. व्हॅक ड्रेसिंग आल्यापासून थोडा अवधी मिळू लागला आहे आणि चार दिवस झाले म्हणून वेळ हातची गेली असे मुळीच नाही. मात्र आठवडे आणि महिने यांचा हिशेब वेगळा असतो.

सरळवाट

हाड मोडलेले असणे आणि नसणे हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. वडिलांचे हाड मोडले नव्हते. माझे उदाहरण इथे जसेच्या तसे लावू नये.

मधुरव

एक शंका विचारते. कातडीच हवी असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी आपली देता येणार नाही का? माझ्या ओळखीत एका आईने भाजलेल्या मुलासाठी कातडी दिली असे ऐकले होते.

शल्यलेखनी

तात्पुरती देता येते, कायमची टिकत नाही. दुसऱ्याची कातडी सुरुवातीला धरल्यासारखी दिसते आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत शरीर ती झिडकारते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या एका रुग्णावर ग्लासगोमध्ये थॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी हेच पाहिले. एकाच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर नाकारली जाते हे त्यांनी १९४३ मध्ये मांडले आणि त्यातून प्रत्यारोपणाचे सगळे प्रतिकारशास्त्र उभे राहिले. जुळ्या, एकसारख्या भावंडांचा अपवाद. बॉस्टनमध्ये १९५४ साली अशाच भावांमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण करणारे जोसेफ मरे हे मुळात प्लास्टिक सर्जनच होते.

तरीही ती तात्पुरती कातडी फार मोलाची असते. निम्म्याहून अधिक अंग भाजलेल्या माणसाकडे स्वतःची देण्यासारखी कातडीच उरत नाही. मृत्यूनंतर दान केलेली, ग्लिसरॉलमध्ये जतन केलेली त्वचा त्याच्या जखमांवर पांघरली की द्रव वाहून जाणे थांबते, वेदना कमी होतात आणि त्याची स्वतःची कातडी पुन्हा उगवायला वेळ मिळतो. नेत्रदानाबद्दल सर्वांना माहीत असते, त्वचादानाबद्दल फार थोड्यांना, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुनेदप्तर

फ्लॅपचा विषय निघाला आहे तर त्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला मराठी वाचकांच्या अंगणातलाच आहे, तो इथे नोंदवतो. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाड्या हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला होता. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. पत्रात शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव दिलेले नाही, ही खंत मला ते वर्णन वाचताना दर वेळी वाटते.

मेणाची पातळ पत्री नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून आकार घ्यायचा, ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेने रेघ आखायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी तोडायची नाही. मग ती कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि काठ खाचेत बसवायचे. सांध्यावर काथ लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. आणि डोळ्यांमधली ती पट्टी कापायची साधारण पंचविसाव्या दिवशी. शल्यलेखनी यांनी सांगितलेला रक्तपुरवठ्याचा सगळा मुद्दा त्या पट्टीत आहे. ‘सुश्रुतसंहिते’त गालाच्या कातडीने नाक करण्याचे वर्णन आहे, तिथेही मापासाठी पान वापरायला सांगितले आहे. पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले.

शल्यलेखनी

जुनेदप्तर, अतिशय सुंदर नोंद. कपाळाचा फ्लॅप आम्ही आजही नाकासाठी वापरतो आणि त्याची पट्टी साधारण तीन आठवड्यांनीच कापतो. मेणाऐवजी टाक्यांच्या पाकिटाची चकचकीत पत्री घेतो, एवढाच फरक.

एकवीसदिवस

माझ्या नावाचे कारण वरच्या प्रतिसादात आले आहे. यंत्रात सापडून माझ्या डाव्या पंजाची पाठीमागची सगळी कातडी गेली आणि टेंडन उघडे पडले. तेव्हा जांघेतला फ्लॅप अर्धवट उचलून हात त्याला शिवून टाकला होता. तीन आठवडे हात जांघेला जोडलेला. झोपताना कूस बदलता येत नाही, खांदा आखडतो, आणि आंघोळ, कपडे, सगळ्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. पण ज्या दिवशी हात सोडवला त्या दिवशी त्यावर जाड, जिवंत कातडी होती आणि बोटे हलत होती. ती कातडी सुरुवातीला उशीसारखी फुगीर दिसत असे. पुढे दोनदा चरबी कमी करावी लागली. तिथे स्पर्श अजूनही बोथट आहे. हे सगळे आधी मोकळेपणाने सांगितले असते तर सोसणे सोपे झाले असते.

नवाआवाज

मला हिरडीचा कर्करोग झाला होता. खालच्या जबड्याचे हाड काढून तिथे पायातले बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिनी आणि कातडीसकट बसवले. जागा झालो तेव्हा गळ्यात नळी, नाकात नळी आणि पायाला पट्टी होती. चौथ्या दिवशी आरशात पाहिले तेव्हा चेहरा सुजलेला होता, पण हनुवटी आपल्या जागी होती. तोंडाच्या आत पायाची कातडी आहे, तिच्यावर काही काळ बारीक केसही उगवत होते. आज मी मऊसर सगळे खातो, फोनवर माझे बोलणे लोकांना कळते. पायातले ते हाड काढल्यानंतर सुरुवातीला घोटा कमकुवत वाटला, सहा महिन्यांत जिने चढू लागलो. पाऊलवाट, आठ तासांचा आकडा ऐकून आम्हीही हबकलो होतो. त्यातले बरेच तास सावकाश, नीट काम करण्याचे असतात हे नंतर समजले.

रात्रपाळी

मी अशा रुग्णांच्या विभागात परिचारिका आहे. शस्त्रक्रिया संपली की आमची सुरू होते. जोडलेली रक्तवाहिनी दोन-तीन मिलिमीटर रुंद असते आणि तिचे टाके डोळ्यांना धड दिसत नाहीत इतक्या बारीक धाग्याचे. पहिल्या दिवशी तासातासाला फ्लॅप पाहायचा असतो. रंग पाहायचा, बोटाच्या मागच्या बाजूने ऊब पाहायची, हलके दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो ते मोजायचे, डॉप्लर नावाच्या छोट्या ध्वनिलहरी यंत्राने धमनीचा आवाज ऐकायचा. शंका आली की डॉक्टर सुईने टोचून पाहतात. फिकट, थंड आणि रक्त न येणारा फ्लॅप म्हणजे आत येणारा मार्ग अडला. जांभळट, फुगलेला आणि टोचताच काळसर रक्त भराभर येणारा म्हणजे बाहेर जाणारी शीर अडली. दोन्हींत लगेच पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते, कारण वेळेत गुठळी काढली तर फ्लॅप वाचतो. शीर दुरुस्त होण्यासारखी नसेल तर कधी कधी औषधी जळवा लावतात. त्या साचलेले रक्त शोषतात आणि त्यांच्या लाळेमुळे जखम नंतरही पाझरत राहते. त्यांच्याबरोबर येणाऱ्या जंतूंसाठी प्रतिजैविक द्यावे लागते.

एका रात्री तीन वाजता अठ्ठावीस वर्षांच्या मुलाचा फ्लॅप कडेने जांभळा होऊ लागला. दोन वाजता तो गुलाबी होता, मी तशी नोंद केली होती. चार वाजता तो शस्त्रक्रियागृहात होता आणि फ्लॅप वाचला. नातेवाइकांना माझी विनंती आहे की आम्ही रात्री वारंवार दिवा लावतो म्हणून रागावू नका. आणि खोली उबदार ठेवायला सांगतो ती रक्तवाहिन्या आकसू नयेत म्हणून.

पाऊलवाट, एक विचारायचे राहिले. भाऊ सिगारेट ओढतो का?

पाऊलवाट

हो. दिवसाला आठ-दहा. डॉक्टरांना आम्ही ‘कधीतरी’ असे सांगितले होते.

शल्यलेखनी

आजच खरा आकडा सांगा. कोणी रागावणार नाही आणि शस्त्रक्रियाही नाकारणार नाही, पण निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्तातला प्राणवायू कमी होतो. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत आम्ही निदान चार आठवडे आधी बंद करायला लावतो. अपघातात तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून आतापासून एकही नको, आणि खोलीत दुसऱ्या कोणीही ओढायची नाही. मोडलेले हाड जुळण्यासाठीही हीच अट आहे.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हाडावरचे आवरण शिल्लक आहे का? पायाच्या कोणत्या धमन्या शाबूत आहेत आणि त्यासाठी रक्तवाहिन्यांचा स्कॅन करणार का? आणि ग्राफ्टचा मार्ग धरला तर हाड उघडे राहण्याचा काळ किती असेल?

पाऊलवाट

सर्वांचे आभार. दोन दिवस लिहिता आले नाही. तिन्ही प्रश्न दोन्ही डॉक्टरांना विचारले. हाडावरचे आवरण गेलेले आहे. स्कॅनमध्ये पायाच्या तीन धमन्यांपैकी पुढची तुटलेली दिसली, मागची उत्तम आहे. पहिल्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिल्यावर स्वतःच सांगितले की त्यांच्याकडे मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडण्याची सोय नाही, म्हणून त्यांनी तो मार्ग सुचवला होता, आणि सोय असेल तिथे फ्लॅप करून घ्यावा. त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला फार आदर वाटला. उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे. सिगारेटचे खरे सांगितले.

निरभ्र

उद्या आम्ही सगळे तुमच्या निरोपाची वाट पाहू.

पाऊलवाट

शस्त्रक्रिया साडेसात तास चालली. फ्लॅपची धमनी मागच्या धमनीला कडेने जोडली आहे, म्हणजे पावलाकडे जाणारा प्रवाह तसाच चालू राहतो. मांडीची जखम टाके घालून बंद करता आली, तिथे वेगळा ग्राफ्ट लागला नाही. आज नववा दिवस. फ्लॅप गुलाबी आहे. रात्री दिवा लागला की भाऊच आधी विचारतो, रंग कसा आहे.

हळूपावले

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आता पुढे पाय खाली सोडण्याचा सराव सुरू होईल. पहिल्या वेळी पाच मिनिटेच पाय लटकवतात, कारण नव्या शिरांना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध रक्त वर न्यायची सवय नसते. फ्लॅप निळसर होईल, ते पाहून दचकू नका. पाय वर घेतल्यावर रंग किती लवकर परततो याकडे लक्ष ठेवा. मिनिटे हळूहळू वाढवतात. मग दाबपट्टी सुरू होते. फ्लॅपवर सुरुवातीला स्पर्श कळत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी तिथे कधीही ठेवू नये. भाजलेले कळत नाही. घोटा आखडू नये म्हणून पाऊल काटकोनात ठेवायचे आणि बोटांची हालचाल आतापासूनच करायची. पायावर भार कधी द्यायचा ते हाडाचे डॉक्टर एक्स-रे पाहून ठरवतील. निरभ्र, तुमच्या ग्राफ्टलाही एक सूचना: त्या कातडीत तेलग्रंथी फारशा नसतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा मलम चोळा आणि वर्षभर ऊन लागू देऊ नका.

पाऊलवाट

काल बाराव्या दिवशी पाय पहिल्यांदा पाच मिनिटे खाली सोडला. चौथ्या मिनिटाला फ्लॅप जांभळट झाला आणि आईने डोळे मिटून घेतले. पाय उशीवर घेतल्यावर मी घड्याळ लावले होते: दीड मिनिटात रंग परत आला. आज संध्याकाळी दोनदा करायचे आहे. कडेच्या एका टाक्यापाशी थोडा पिवळसर स्राव दिसतो, ताप नाही, वास नाही. हे सांगायला उद्याच्या तपासणीपर्यंत थांबावे का?

रात्रपाळी

थांबू नका, आत्ताच विभागात फोन करा. स्रावाचा रंग, किती वेळात पट्टी ओली झाली आणि कडेची कातडी गरम लागते का, या तीन गोष्टी थोडक्यात सांगा. पुढचे तिथल्या परिचारिका विचारतील.